तालमीत आणि मैदानावर दुखापतींची चाचणी कशी घ्यावी: आराखड्यापासून निकालापर्यंत

कोल्हापुरात दुखापतींवर संशोधन करायला खेळाडू शोधत फिरावं लागत नाही. पेठेपेठेत तालीम आहे, तालमीचा फुटबॉल संघ आहे, पहाटे चार-साडेचारला कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरणारी पोरं आहेत. तरीही फिजिओथेरपी किंवा अस्थिरोगाच्या पदव्युत्तर प्रबंधांचा साचा बराचसा ठरलेला असतो: तीस खेळाडू, दोन गट, सहा आठवडे व्यायाम, आधीची उडी आणि नंतरची उडी. उडी वाढते. दुखापत कमी झाली का, ते कळत नाही, कारण दुखापत मोजलेलीच नसते.

या लेखात फुटबॉल संघांमध्ये सराव-व्यायामाचा एक कार्यक्रम देऊन दुखापती कमी होतात का, हे पाहणारी चाचणी उदाहरणादाखल धरली आहे. कुस्तीत जिथे वेगळं वागावं लागतं ते त्या-त्या ठिकाणी येईल. उपचारांच्या चाचणीसाठी काय बदलायचं, ते शेवटाकडे आहे.

आधी एक हंगाम नुसता मोजा

दुखापत-प्रतिबंधाच्या संशोधनाची चार पावलं व्हॅन मेखेलेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली आणि ती अजून चालतात. प्रश्न किती मोठा आहे ते मोजा, कारणं शोधा, उपाय करा, पुन्हा मोजा. बहुतेकजण थेट तिसऱ्या पावलावर उडी मारतात. तुमच्या भागातल्या संघांमध्ये हंगामात किती दुखापती होतात याची लिहिलेली नोंद हाताशी नसेल, तर पहिला हंगाम केवळ नोंदीत घालवावा. हे कमी दर्जाचं काम नाही. नीट केलेली एका हंगामाची नोंद हा स्वतंत्र प्रबंधाचा ऐवज आहे आणि पुढच्या चाचणीचा आकार त्याच आकड्यांवरून ठरतो.

चाचणीचा प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे. उदाहरणार्थ: ‘१४ ते १९ वर्षांच्या पुरुष फुटबॉलपटूंमध्ये आठवड्यातून किमान दोनदा फिफा इलेव्हन प्लस सराव केल्याने, नेहमीच्या वॉर्मअपच्या तुलनेत, एका हंगामात पायाच्या दुखापतींचा दर कमी होतो का?’ (इलेव्हन प्लस म्हणजे दुखापती टाळण्यासाठीचा ठरावीक वॉर्मअप-कार्यक्रम.) या प्रश्नात कोण, काय, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम आणि किती काळ, ही पाचही उत्तरं आहेत. मुख्य परिणाम एकच ठेवावा. बाकीचे दुय्यम.

हा आग्रह कशासाठी, ते याच कार्यक्रमाच्या मूळ चाचणीवरून समजतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या चाचणीत १२५ क्लब आणि १३ ते १७ वयाच्या १८९२ मुली होत्या. मुख्य परिणाम ठरवला होता पायाच्या दुखापती. त्यात दराचं गुणोत्तर ०.७१ आलं, पण विश्वासांतर (खरं गुणोत्तर ज्या टप्प्यात असू शकतं तो टप्पा) ०.४९ ते १.०३. ‘फरक नाही’ दाखवणारा १ त्यात येतो, म्हणजे निकाल संख्याशास्त्राच्या रेषेच्या किंचित अलीकडे. एकूण दुखापती (०.६८), गंभीर दुखापती (०.५५) आणि अतिश्रमाच्या दुखापती (०.४७) मात्र स्पष्टपणे कमी झाल्या. संशोधकांनी मुख्य परिणामाचं हे अपयश झाकलं नाही, म्हणूनच त्या चाचणीवर आजही विश्वास ठेवला जातो. निकाल पाहून मुख्य परिणाम बदलायचा मोह इथेच होतो. नोंदणी आधी केलेली असेल तर तो बदल लगेच पकडलाही जातो.

दुखापत कशाला म्हणायचं

एखाद्या पैलवानाला ‘गेल्या महिन्यात काही दुखापत झाली का?’ असं विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येतं आणि त्याच वेळी त्याची दोन बोटं पट्टीने एकत्र बांधलेली असतात. दुखापत म्हणजे काय, याचा त्याचा आणि तुमचा अर्थ जुळत नाही.

फुटबॉलसाठी २००६ ची सर्वसहमतीची व्याख्या वापरावी: सामन्यात किंवा सरावात झालेली कोणतीही शारीरिक तक्रार, मग डॉक्टर लागो वा न लागो, खेळ बुडो वा न बुडो. ही सगळ्यात रुंद जाळी. तिच्या आत दोन अरुंद जाळ्या असतात, वैद्यकीय मदत लागलेली दुखापत आणि वेळ बुडवणारी दुखापत. तिन्ही नोंदवाव्यात. मुख्य परिणामासाठी मात्र वेळ बुडवणारी दुखापत धरावी. कारण असं की, व्यायाम करणाऱ्या संघात तुमची ये-जा जास्त असते, तिथली पोरं बारीकसारीक दुखणंही सांगायला लागतात आणि कागदावर त्याच गटात दुखापती जास्त दिसतात. सराव बुडाला की नाही, याला असं फुगवता येत नाही.

गंभीरता बुडालेल्या दिवसांवर ठरते. दुखापतीचा दिवस शून्य धरायचा. १ ते ३ दिवस म्हणजे किरकोळ, ४ ते ७ सौम्य, ८ ते २८ मध्यम, २८ च्या वर गंभीर. परत आला म्हणजे संघाच्या पूर्ण सरावात उतरला. मैदानाच्या कडेने हळूहळू पळायला लागला, याला परतणं म्हणत नाहीत. दिवस मोजण्यात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून फॉर्मवर ‘पूर्ण सराव सुरू केल्याची तारीख’ असा वेगळा रकाना ठेवा.

तीच दुखापत त्याच जागी पुन्हा झाली तर ती पुनर्दुखापत. परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत असेल तर लवकरची, २ ते १२ महिन्यांत उशिराची.

फॉर्मची भाषा खेळाडूची असावी. ‘घोटा मुरगळला’, ‘गुडघा फिरला’, ‘खांदा निखळला’, ‘मांडीची शीर ओढली’, ‘उसण भरली’, ‘मुका मार’ असे पर्याय छापा आणि शेजारी तपासणाऱ्यासाठी वैद्यकीय निदानाचा रकाना ठेवा. ‘लिगामेंट गेलं’ हे वाक्य जसंच्या तसं निदान म्हणून उतरवू नका. कोणतं लिगामेंट, कुणी तपासलं, एमआरआय झाला का, हे विचारल्याशिवाय तो शब्द निरर्थक आहे.

कुस्तीत दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. पहिली कानाची. कानात रक्त साकळून गाठ धरणं ही दुखापतच आहे, पण तिने सहसा सराव बुडत नाही आणि मोडलेला कान बऱ्याच पठ्ठ्यांना मिरवायचा असतो, त्यामुळे वेळ बुडवणाऱ्या दुखापतींच्या जाळीतून ती बहुतेक वेळा निसटते. कान हवा असेल तर महिन्यातून एकदा स्वतः पाहून वेगळी नोंद घ्या. दुसरी त्वचेची. नायटा किंवा पुळ्यांमुळे पठ्ठ्या हौद्याबाहेर बसतो, पण तो आजार आहे, दुखापत नाही. त्याला वेगळा संकेतांक द्या.

तासांचा हिशेब

या कामाचा कणा हाच आहे आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. समजा एका हंगामात अ गटात २४ दुखापती झाल्या आणि ब गटात १५. अ गट वाईट वाटतो. पण अ गटाच्या खेळाडूंनी मिळून ३२०० तास खेळ केला आणि ब गटाने १९०० तास. हजार तासांमागे अ चा दर ७.५ आणि ब चा ७.९. चित्र उलटलं. ज्या संघाचे तास माहीत नाहीत, त्याच्या दुखापतींच्या आकड्याला काही किंमत नाही.

सामन्याचे तास सोपे असतात: मैदानावरचे ११ खेळाडू गुणिले सामन्याचा वेळ. ९० मिनिटांच्या सामन्याला एका संघाचे १६.५ तास होतात, ८० मिनिटांच्या सामन्याला १४.७. बदली खेळाडूंनी ही बेरीज बदलत नाही. लाल कार्ड दाखवलं तर तेवढी मिनिटं वजा करायची. वैयक्तिक तास हवे असतील तर बदलीची वेळ लिहावी लागते.

सरावाचे तास कुणी लिहायचे, हा खरा प्रश्न. प्रशिक्षकावर टाकलं की तो रविवारी रात्री आठवड्याभराची हजेरी आठवून भरतो आणि सगळे १८ खेळाडू सहाही दिवस हजर दिसतात. प्रत्येक संघात एक नोंदकर्ता नेमा. संघाचा व्यवस्थापक चालेल, दुखापतीने बाहेर बसलेला जुना खेळाडू तर उत्तमच. त्याला महिन्याचं ठरावीक मानधन द्या आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरा. वही साधी ठेवा: तारीख, सराव की सामना, सुरू-संपल्याची वेळ, मैदान (गवत, माती, कृत्रिम), आणि प्रत्येक खेळाडूसमोर चारांपैकी एक खूण: पूर्ण, अर्धा, गैरहजर दुखापतीमुळे, गैरहजर इतर कारणाने. शेवटच्या दोन खुणा वेगळ्या नसतील तर बारावीच्या परीक्षेला बसलेला मुलगा जखमी ठरतो.

कुस्तीला तास नीट लागू पडत नाहीत. दोन तासांच्या सरावात प्रत्यक्ष जोड किती वेळ झाली हे कुणी मोजत नाही. जोर-बैठका, हौदा खणणं, दोर चढणं हेही त्यातच असतं. तिथे ‘एक पठ्ठ्या, एक सराव’ आणि ‘एक पठ्ठ्या, एक कुस्ती’ ही एककं घ्या आणि दर हजार सहभागांमागे मांडा. माती आणि मॅट वेगळी लिहा, कारण बरेच पठ्ठे आता दोन्हीवर उतरतात. गावोगावच्या जत्रांच्या मैदानातल्या कुस्त्या विसरू नका. त्या हंगामात पठ्ठ्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी लढून येतो आणि तालमीच्या वहीत त्यातलं काहीच नसतं. सोमवारी फोन करून विचारणं, एवढाच त्यावर इलाज.

किती संघ लागतील

व्यायामाचा कार्यक्रम एकाच संघातल्या अर्ध्या खेळाडूंना देता येत नाही. उरलेले अर्धे बघून करतातच. म्हणून वाटणी खेळाडूंची नाही, संघांची करायची. पण एका संघातले खेळाडू एकमेकांसारखे असतात, कारण मैदान, प्रशिक्षक आणि खेळाची आक्रमकता एकच. त्यामुळे २० खेळाडूंच्या संघातून २० स्वतंत्र माणसांएवढी माहिती मिळत नाही.

हिशेब असा. धरून चाला की नेहमीच्या वॉर्मअपवर हंगामात ३० टक्के खेळाडूंना पायाची दुखापत होते आणि कार्यक्रमाने ती २० टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे. चूक होण्याची मर्यादा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के, शक्ती (असलेला फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के. सूत्र:

प्रत्येक गट = (१.९६ + ०.८४)² × (०.३ × ०.७ + ०.२ × ०.८) ÷ (०.१)² = ७.८४ × ०.३७ ÷ ०.०१ = २९०.०८, म्हणजे २९१ खेळाडू.

आता संघांचा परिणाम. संघांतर्गत साम्याचा गुणांक ०.०५ आणि संघात २० खेळाडू धरले तर वाढीचा घटक १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे २९१ चे झाले ५६८. हंगामात १५ टक्के खेळाडू गळतील असं धरून ५६८ ला ०.८५ ने भागलं की ६६९ येतात. प्रत्येक गटाला ३४ संघ, दोन्ही मिळून ६८.

शहराच्या वरिष्ठ गटात एवढे संघ नाहीत. १६ संघ मिळाले, ८ विरुद्ध ८, आणि एकही खेळाडू गळाला नाही असं मानलं, तरी प्रत्येक गटात १६० खेळाडू म्हणजे प्रत्यक्षात ८२ जणांएवढीच माहिती. एवढ्यावर दुखापती ३० टक्क्यांवरून साधारण १२ टक्क्यांपर्यंत उतरल्या तरच तो फरक पकडता येतो. दुखापती निम्म्याहून जास्त कमी होतील असं गृहीत धरून चाचणी घेणं म्हणजे नशिबावर हवाला.

मग करायचं काय? शालेय आणि वयोगटांचे संघ घ्या, करवीर, हातकणंगले, कागल तालुक्यांत आणि इचलकरंजी, सांगली, मिरजेपर्यंत जाळं पसरा, दोन हंगाम चालवा, किंवा सरळ ‘प्राथमिक चाचणी’ असं नाव द्या. प्राथमिक चाचणीत दुखापत कमी झाली असा दावा करायचा नाही. किती संघ तयार झाले, किती खेळाडू टिकले, किती सराव खरोखर झाले आणि साम्याचा गुणांक किती आला, हे सांगायचं. परीक्षकाने नाक मुरडलं तरी हेच प्रामाणिक आहे.

परवानग्या

आराखडा स्पिरिट या मार्गदर्शक यादीप्रमाणे लिहा आणि एथिक्स कमिटीकडे द्या. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनंतर वैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. समितीत किमान ७ सदस्य असतात. ज्या महाविद्यालयाची समिती गाठाल, तिच्या पत्रावर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहून घ्या, नाहीतर पुढे नियतकालिक लेख परत पाठवतं.

मंजुरीनंतर सीटीआरआय, म्हणजे भारतीय क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही. ती मोफत आहे आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ती २००७ पासून चालवते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतरची चालत नाही. पदव्युत्तर प्रबंधातली हस्तक्षेप चाचणीही यात येते. ‘व्यायामच तर आहे, औषध कुठे आहे’ ही सबब उपयोगाची नाही. नोंदवहीकडून शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात आठवडे जातात. पावसाळा ही सगळी कागदपत्रं उरकायला योग्य वेळ आहे. मैदानं तशीही भिजलेली असतात.

संमती: वस्तादाचा होकार पुरत नाही

तालमीत राहणारी पोरं बाहेरगावची असतात, सोलापूर, सातारा, सांगली, कधी मराठवाड्यातली. वय बारा-चौदा. आई-बाप गावी, सगळा कारभार वस्तादांच्या हाती. वस्ताद म्हणतील, ‘माझी पोरं आहेत, घ्या सगळी.’ त्यांचा मान राखून त्यांची परवानगी घ्यायचीच, तिच्याशिवाय तालमीचा उंबरा ओलांडता येत नाही. पण ती दार उघडण्याची परवानगी झाली. वस्ताद कायदेशीर पालक नाहीत.

१८ वर्षांखालच्या मुलासाठी आई किंवा वडिलांची लेखी संमती लागते, आणि मुलाची स्वतःचीही तयारी विचारावी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मधल्याचा लेखी होकार. पालक सणाला, खुराकाचे पैसे द्यायला किंवा मैदान बघायला येतात तेव्हा गाठा. त्या भेटी धरून भरतीला दोन महिने तरी ठेवा. ज्याच्या पालकाची सही मिळाली नाही तो मुलगा संघाबरोबर व्यायाम करू शकतो, पण त्याची माहिती नोंदीत येत नाही.

पालकाला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर पत्रक वाचून दाखवा, अंगठा घ्या, साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार तुमच्या संशोधनातला नको, आणि वस्तादही नको.

खेळाडूशी बोलताना वस्ताद किंवा प्रशिक्षक त्या खोलीत नसावेत. त्यांच्यासमोर एकही पोरगं ‘नाही’ म्हणणार नाही, आणि नाही म्हणता येत नाही ती संमती नव्हे. पत्रक दोन पानांचं, साध्या मराठीत: काय करायचं, किती वेळ, काय दुखू शकतं, कधीही सोडता येतं, सोडल्याने संघातली जागा जात नाही, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळतील. शेवटचं आश्वासन कोण आणि कोणत्या पैशातून पाळणार, ते सही घेण्यापूर्वी ठरलेलं असलं पाहिजे.

मोबदला म्हणून बदाम, तूप, खुराक वाटायची कल्पना सुचते. समिती ती फेटाळेल आणि बरोबरच करेल, कारण गरीब घरच्या पठ्ठ्यासाठी ते आमिष होतं. प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेची भरपाई द्यावी.

गुप्तता इथे केवळ कागदी गोष्ट नाही. अमक्याचा गुडघा दुखतो ही बातमी मैदानाआधी विरुद्ध तालमीत पोहोचली तर तो पहिला हल्ला त्याच पायावर करणार. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात, आणि दुखापतींची कोणतीही माहिती संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

वाटणी

सर्व संघांतल्या सगळ्या खेळाडूंची संमती आणि सुरुवातीची तपासणी पूर्ण झाल्यावरच वाटणी करायची. आधी चिठ्ठी निघाली तर ‘आमच्या संघाला व्यायाम मिळाला नाही’ म्हणून अर्धे खेळाडू सहीच करत नाहीत आणि दोन गट तिथेच असमान होतात.

संघ थोडे असतील तर साधी चिठ्ठी धोक्याची, सगळे वरिष्ठ संघ एकीकडे जाऊ शकतात. आधी जोड्या लावा: वयोगट, मैदानाचा प्रकार आणि मागच्या हंगामातल्या दुखापतींचा दर जुळणारे दोन संघ. मग प्रत्येक जोडीत एक चिठ्ठी. ती सगळ्या संघांच्या प्रतिनिधींसमोर, संशोधनाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाताने काढा. स्पर्धांचे ड्रॉ असेच निघतात, त्यामुळे हा प्रकार कुणाला परका वाटत नाही. पेठापेठांतली चुरस पाहता ‘आतून ठरवलं होतं’ हा संशय टळणं ही बारीक गोष्ट नाही.

तुलनेच्या गटाला ‘काहीच करू नका’ असं सांगायचं नाही. ते नेहमीचा वॉर्मअप करत राहतील आणि हंगाम संपल्यावर त्यांनाही कार्यक्रम शिकवला जाईल, असं लिहून द्या.

खेळाडूला कोणता गट हे लपवता येत नाही. दुखापत तपासणाऱ्यापासून मात्र लपवता येतं. तो संघांकडे जाणार नाही, खेळाडू त्याच्याकडे येईल. इथे एक कोल्हापुरी अडचण आहे: जर्सी. रंगावरून संघ ओळखता न येणारा माणूस या शहरात सापडणं कठीण. तपासणीला साधा टी-शर्ट घालून यायचं, संघाचं नाव काढायचं नाही, असं खेळाडूला आधीच बजावा.

कार्यक्रम कसा द्यायचा

फिफा इलेव्हन प्लस २० मिनिटांचा आहे, एकूण १५ व्यायाम. पहिला भाग ८ मिनिटं, हळू पळण्याचे ६ व्यायाम. दुसरा १० मिनिटं, ताकद, उडी आणि तोलाचे ६ व्यायाम, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या. तिसरा २ मिनिटं, वेगाने पळण्याचे ३ व्यायाम. सामन्याच्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा भाग.

प्रशिक्षकांना एका दिवसात शिकवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा जा. पहिल्या भेटीनंतर हमखास दिसणाऱ्या चुका: उडीनंतर गुडघे आत वळणं, एका पायावर उभं राहताना कंबर एका बाजूला खचणं, आणि पहिली पायरी जमण्याआधी तिसरीवर जाणं, कारण पहिली ‘लहान पोरांची’ वाटते.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना हळूहळू पुढे झुकणं) दुसऱ्या भागात आहेच. तो स्वतंत्रपणे द्यायचा असेल तर डेन्मार्कच्या २०११ च्या चाचणीची चढण वापरा. त्या चाचणीत ५० संघ, ९४२ खेळाडू होते आणि त्या स्नायूच्या दुखापती व्यायाम गटात १५, दुसऱ्या गटात ५२ झाल्या. पहिला आठवडा एक सत्र, २ फेऱ्या, ५ वेळा. दुसरा आठवडा दोन सत्रं, २ फेऱ्या, ६ वेळा. तिसरा तीन सत्रं, ३ फेऱ्या, ६ ते ८ वेळा. चौथा तीन सत्रं, ३ फेऱ्या, ८ ते १०. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन सत्रं, ३ फेऱ्या, अनुक्रमे १२, १०, ८. पहिल्याच दिवशी १२ वेळा करायला लावलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही आणि संघ कार्यक्रम सोडतो. जोर-बैठका मारणाऱ्याला तर वाटतंच की हे आपल्याला सहज जमेल. हा वेगळा ताण आहे, स्नायू लांबत असताना भार घेणारा. त्यालाही पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा.

किती सत्रं झाली हे संघाच्या नव्हे, खेळाडूच्या नावावर लिहा. न सांगता भेटी द्या. वहीत २० मिनिटं आणि मैदानावर ९ मिनिटं, हा फरक भेटीशिवाय कळत नाही.

हंगाम चालू असताना

दर सोमवारी प्रत्येक खेळाडूला ओस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राच्या प्रश्नावलीतले चार प्रश्न विचारा: सहभागात अडचण आली का, सराव बदलावा लागला का, कामगिरीवर परिणाम झाला का, आणि त्रास किती. प्रत्येकाला चार पर्याय, एकूण गुण ० ते १००. याने दुखत असूनही खेळत राहिलेला खेळाडू सापडतो, जो दिवस मोजण्यात कधीच सापडत नाही.

हाडवैद्याकडे गेला का, चोळून घेतलं का, कुणी लेप लावला, इंजेक्शन घेतलं का, हे न रागावता विचारा आणि लिहा. टोमणा मारला की पुढच्या वेळी तो खोटं सांगतो. हा उपचार दोन गटांत वेगळ्या प्रमाणात झाला असेल तर परतण्याचे दिवस त्यानेही बदलतात.

जखमी खेळाडूकडे, तो कोणत्याही गटातला असो, पाठ फिरवायची नाही. घोटा मुरगळला तर ओटावा नियम लावा: घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, पायाच्या मध्यभागी आतल्या नौकाकार हाडावर किंवा करंगळीच्या लांब हाडाच्या बुडाशी दाबून दुखतं, किंवा चार पावलंही टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. डोक्याला मार लागून गोंधळला, चक्कर आली, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद, मग सामना अंतिम का असेना. बेशुद्ध पडला किंवा मान दुखत असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) कुणी न्यायचं, पालकांना कुणी कळवायचं, हे प्रत्येक संघाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असू द्या.

मांडणी

ज्या संघाला जो गट मिळाला त्यातच तो मोजायचा, व्यायाम केला असो वा नसो. टाळाटाळ करणारे संघ वगळून केलेला हिशेब नेहमी गोड दिसतो, कारण टाळाटाळ करणारे संघ इतर बाबतींतही ढिले असतात. दुखापतींच्या संख्येसाठी पॉइसाँ किंवा ऋण द्विपद प्रतिमान (घटनांची मोजणी हाताळणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धती), तासांचा लॉग ऑफसेट म्हणून (म्हणजे संख्येऐवजी दराची तुलना होते), आणि संघ हा यादृच्छिक परिणाम (म्हणजे एका संघातलं साम्य हिशेबात येतं). संघ ३०-४० पेक्षा कमी असतील तर लहान नमुन्याची दुरुस्ती लावा, नाहीतर विश्वासांतर खोटं अरुंद येतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक संघाचा एकच दर काढून संघांची तुलना करणं. १६ संघांना हेच शोभतं. एकाच खेळाडूच्या तीन दुखापती तीन वेगळ्या माणसांच्या धरू नका. अहवाल कन्सॉर्टच्या, म्हणजे चाचणीचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या मार्गदर्शकाच्या, गट-चाचण्यांच्या यादीप्रमाणे.

उपचाराची चाचणी असेल तर

इथे वाटणी व्यक्तीची होते आणि खेळाडू दवाखान्यातून मिळतात. तास मोजावे लागत नाहीत, पण दोन नव्या अडचणी येतात. पहिली उशिराची. दुखापत झाल्यावर आधी चोळणं, मग लेप, मग डॉक्टर, अशा क्रमाने माणूस दोन-तीन आठवड्यांनी येतो. ‘७२ तासांच्या आत’ अशी अट घातली तर भरती अडते, नाही घातली तर ताजी आणि जुनी दुखापत मिसळते. अट ठेवा आणि तालमींतूनच थेट फोन येईल अशी सोय करा.

दुसरी तुलनेची. गुडघ्याचं पुढचं क्रूसिएट लिगामेंट (एसीएल) तुटलं की शस्त्रक्रिया, हे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. स्वीडनच्या २०१० च्या चाचणीत १२१ तरुणांची वाटणी झाली: लगेच शस्त्रक्रिया, किंवा आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी गुडघ्याच्या गुणांत दोन्ही गट सारखे, आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया लागली. फिनलंडच्या २०१३ च्या चाचणीत गुडघ्यातल्या झिजेने फाटलेल्या गादीसाठी (मेनिस्कस) खरी आणि लटकी शस्त्रक्रिया यांत वर्षाने फरक उरला नाही. तेव्हा ‘आमचा उपचार घेतलेले ८० टक्के बरे झाले’ हे तुलनेच्या गटाशिवाय काही सिद्ध करत नाही. बरेचसे तसेही बरे होतात.

परिणाम मोजायला गुडघ्यासाठी ‘कूस’ (KOOS) ही प्रश्नावली चालते: ४२ प्रश्न, पाच विभाग. मराठी आवृत्ती वापरताना ती तपासून प्रमाणित केलेली आहे का ते पाहा; स्वतः रात्रीत भाषांतर करून वापरू नका. ‘जिना चढणं’ सगळ्यांना समजतं, पण पैलवानाला विचारायचं असतं ते बैठक मारणं आणि पटात शिरणं. हे प्रश्न मूळ यादीत घुसडायचे नाहीत, वेगळ्या पानावर घ्यायचे आणि वेगळे मोजायचे. पाठपुरावा किमान वर्षभर, कारण पुनर्दुखापत खेळाडू परतल्यानंतरच्या महिन्यांत होते, आणि तीन महिन्यांवर थांबलेली चाचणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

निकाल संघांना आणि तालमींना हंगामानंतरच्या महिन्यात द्या, मराठीत, एका पानावर, प्रत्येक संघाला त्याचा स्वतःचा दर आणि सगळ्यांचा सरासरी दर. दुसऱ्या संघाचा आकडा कुणालाही दाखवू नका. त्याच बैठकीत तुलनेच्या गटातल्या प्रशिक्षकांचं प्रशिक्षण उरकून घ्या. पुढच्या तारखेवर टाकलं की पाऊस सुरू होतो आणि ते राहून जातं.